दिवा लागला की सेन्सर बदला, असं कृपया छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गाडीच्या चेक इंजिन दिव्यावर जो तक्ता आला होता, डावीकडे कोड आणि उजवीकडे बदलायचा पार्ट, तो वाचल्यापासून डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी लिहायलाच बसले. बाकीच्या कोडांबद्दल मी काही बोलणार नाही. पण पी०१७१ च्या समोर तुम्ही फक्त "ऑक्सिजन सेन्सर" एवढंच लिहिलंय, आणि ते वाचून कितीतरी लोक गॅरेजात जाऊन तोच पार्ट टाकून घेतील, आठवड्याभरात दिवा परत लागेल आणि मग गाडीलाच नावं ठेवतील. आमच्याकडे हे झालंय. वडिलांच्या गाडीचा तो सेन्सर ह्या एका कोडपायी दोनदा बदलला, दोन्ही वेळा काढलेला सेन्सर चांगला होता, आणि खरी भानगड निघाली ती बोटाएवढ्या जाडीच्या एका रबरी पाइपची.

आधी हा कोड म्हणतो काय ते बघू. त्याचा अर्थ एवढाच की बँक १ कडचं मिश्रण फार लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर असतो ती बाजू. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनला बहुतेक वेळा बँक एकच असते, व्ही आकाराच्या इंजिनला दोन असतात आणि दुसरीसाठी पी०१७४ हा वेगळा कोड आहे. ह्यात कुठेही पार्टचं नाव नाही. असायचं कारणही नाही, कारण अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून हे कोड देणारी यंत्रणा सक्तीची केली ती गाडीचं प्रदूषण वाढलं तर चालवणाऱ्याला कळावं म्हणून, काय बिघडलं ते शोधायचं काम तिने माणसावरच सोडलंय.

आता लीन म्हणजे किती? पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो ह्या आकड्याच्या अगदी जवळपासच नीट काम करतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, जिवाचा आटापिटा करून मिश्रण तिथे धरून ठेवतो. आत येणारी हवा मोजायची, त्या हिशोबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचं, आणि मग हिशोब बरोबर आला का ते बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला त्यावरून तपासायचं. हे तपासणारा तो आपला ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या साध्या प्रकारात साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट असं रीडिंग येतं, ०.४५ च्या वर असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि खाली असेल तर लीन, आणि गरम झालेल्या चांगल्या इंजिनात ते सारखं वर-खाली होत राहतं. नव्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचं रीडिंग वेगळ्या पद्धतीने येतं, पण काम तेच.

सेन्सरने सांगितलं की पेट्रोल कमी पडतंय, की ईसीयू ते वाढवतो, आणि किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे ह्या क्षणाची दुरुस्ती, ती स्कॅनरवर सारखी नाचत असते. लाँग टर्म म्हणजे रोज रोज तीच दुरुस्ती करावी लागते म्हणून ईसीयूने वहीत लिहून ठेवलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर गाडी ठीक. दहाच्या वर कायम राहायला लागली की कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं. आणि ती २०-२५ च्या घरात गेली (प्रत्येक कंपनीची हद्द थोडी वेगळी) आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तसंच दिसलं की मग दिवा लागतो.

हे नीट वाचलं तर लक्षात येईल की दिवा लागला तेव्हा ईसीयू कितीतरी दिवसांपासून जास्तीचं पेट्रोल टाकून ती उणीव भरून काढत होता, आणि आता त्याची भरून काढायची मर्यादा संपत आलीय. म्हणूनच अनेकांना गाडी चालवताना काहीच जाणवत नाही आणि "दिवा उगाच लागलाय" असं वाटतं. वडिलांनाही तसंच वाटत होतं.

आणि हेही लक्षात येईल की ज्या सेन्सरला आपण काढून टाकतो तोच बिचारा खरं सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ऑक्सिजन सेन्सर कधीच खराब होत नाही असं माझं म्हणणं नाही, होतो, म्हातारा होऊन मंदावतो, खोटं लीन दाखवतो. पण त्याचा सर्किट अडला, तो हळू प्रतिसाद द्यायला लागला किंवा त्याचा हीटर गेला तर त्यासाठी पी०१३० पासून पी०१३५ पर्यंत वेगळे कोड आहेत. शिवाय साध्या सेन्सरची परीक्षा पाच मिनिटांची आहे. जाणकार मेकॅनिक इंजिन गरम करून मिश्रण मुद्दाम रिच करतो, आणि सेन्सर पटकन ०.८ च्या वर गेला, मग हवा वाढवल्यावर पटकन खाली आला, तर त्याला हात लावायचं कारण नाही. आमच्या दोन्ही वेळेला ही परीक्षा कुणी केली नाही.

पहिल्या गॅरेजात काय झालं ते सांगते. स्कॅनर लावला, कोड वाचला, लगेच पुसला, सेन्सर टाकला, बिल केलं. कोड पुसला ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, त्यात आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान, लोड (इंजिनवरचा ताण), दोन्ही ट्रिम असं सगळं असतं. कोड पुसला की तो फोटो जातो आणि बहुतेक गाड्यांत लाँग टर्मची ती वहीही कोरी होते. म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसायचा आणि मग तपासाला लागायचं. वही कोरी झाली की ईसीयूला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, त्यात काही दिवस जातात, तेवढ्या दिवसांत दिवा बंद असतो आणि सगळ्यांना वाटतं की सेन्सर बदलल्याने काम झालं. दुसऱ्या गॅरेजातही अगदी हेच झालं, फक्त तिथे सेन्सर "ओरिजिनल नव्हता म्हणून परत लागला" असं कारण मिळालं.

मी मेकॅनिक नाही. पण तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात लावला, मोबाइलवर आकडे बघितले आणि कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. त्यात होतं: आरपीएम ७८०, वेग शून्य, तापमान ८८ अंश, दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २६. म्हणजे गाडी गरम होऊन उभी असताना, आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना), हा कोड नोंदला गेला होता. एवढ्या एका ओळीत अर्धा तपास झाला होता आणि आधीच्या दोन्ही वेळा ती ओळ कुणीही वाचली नव्हती.

अर्धा तपास कसा, ते सांगते, आणि हाच भाग माझ्या मते तुमच्या पुरवणीत यायला हवा होता. इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं, कारण थंड इंजिनात ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि तेव्हाचे ट्रिम बघून उपयोग नाही. मग आयडलला दोन्ही ट्रिम बघायचे, मग उभ्या गाडीत रेस करून २५०० आरपीएमला अर्धा-एक मिनिट धरून बघायचे, आणि मग रस्त्यावर चढाला किंवा जोरात पिकअप घेताना कुणीतरी शेजारी बसून बघायचे, चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही.

आयडलला ट्रिम खूप वर आणि २५०० ला बऱ्यापैकी खाली, असं दिसलं तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. ह्याचं गणित सोपं आहे. समजा आयडलला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेतं आणि फटीतून ०.६ ग्रॅम जास्तीची येते, तर ती झाली वीस टक्के. रेस केल्यावर इंजिन १२ ग्रॅम घ्यायला लागलं आणि फट तेवढीच राहिली तर तीच हवा पाच टक्क्यांवर आली. फट तीच आहे, फक्त मोठ्या आकड्यापुढे ती दिसेनाशी होते. आमच्या गाडीत आयडलला २६ आणि २५०० ला ७ होतं, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

उलटं दिसलं, म्हणजे आयडलला ठीक आणि लोड वाढला की ट्रिम चढत जातो, तर पेट्रोल पुरत नाहीये असं समजायचं. फ्युएल फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय, प्रेशर रेग्युलेटर गेलाय किंवा इंजेक्टरमध्ये कचरा बसलाय. इथे अंदाज बांधत बसण्यापेक्षा फ्युएल प्रेशर गेज लावून दाब मोजायचा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, तोही नुसता आयडलला नाही तर लोडवर, कारण थकलेला पंप उभ्या गाडीत चांगला वागतो.

लोडवर ट्रिम चढायचं आणखी एक कारण म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर. त्याच्या आत एक बारीक तापवलेली तार किंवा पातळ पट्टी असते, जाणारी हवा तिला किती थंड करते त्यावरून तो हवा मोजतो. तिच्यावर धूळ-तेलाचा थर बसला की ती पांघरूण घेतल्यासारखी होते, हवा कमी मोजते, आणि ईसीयू पेट्रोलही कमी टाकतो. हा सेन्सर बऱ्याचदा बदलायची गरजच नसते, त्याच्यासाठीचा खास स्प्रे मिळतो, त्याने लांबून धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच लावायचा. कापूस, ब्रश, बोट काहीही लावायचं नाही आणि ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर मारायचा नाही, तार गेली की गेली.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसतो असा माझा अनुभव. सगळ्याच गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर नसतो. काहींमध्ये मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि ईसीयू त्या दाबावरून हवेचा हिशोब लावतो. अशा गाडीत व्हॅक्यूम लीक झाली तर मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला तो कळतो, तो पेट्रोलही वाढवतो, म्हणून मिश्रण फारसं लीन होतच नाही, फक्त आयडल वर जातं. तेव्हा आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे हे आधी बघितलं नाही तर वरचं गणित चुकीच्या गाडीला लावलं जाईल आणि माणूस नसलेली फट शोधत बसेल.

दोन बँकवाल्या इंजिनात आणखी एक सोय आहे. दोन्हीकडचे कोड एकदम आले तर दोघांना सामाईक असलेली गोष्ट बघायची, फ्युएल प्रेशर, मास एअर फ्लो सेन्सर, थ्रॉटलजवळची मोठी फट. एकाच बाजूचा आला तर त्याच बाजूची मॅनिफोल्ड गॅस्केट, इंजेक्टर, तिकडचा सेन्सर. काही गाड्या तर पी२१८७ असा कोड देतात, त्याचा अर्थच आयडलला लीन असा आहे, म्हणजे निम्मं काम गाडीनेच करून दिलं.

आणि दोन गोष्टी अशा आहेत की ज्यात मिश्रण मुळात लीन नसतंच. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. तसंच एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर त्यातला ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सरला तेही लीनच वाटतं. म्हणून ०१७१ सोबत मिसफायरचा कोड असेल तर दोन्ही एकत्र वाचायला लागतात. आणि दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकायला लागला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याइतकं मिसफायर चाललंय, तेव्हा गाडी तशीच चालवत घरी न्यायची नाही.

इथेनॉलचंही विचारतात लोक. शुद्ध इथेनॉलला किलोमागे साधारण ९ किलोच हवा लागते, म्हणून १० टक्के मिसळलेल्या पेट्रोलला प्रमाण १४.१ च्या आसपास येतं, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने चालणाऱ्या गाडीत ट्रिम चारेक टक्के वर सरकणार. एवढ्याने कोड येत नाही. पण आधीच कुठे बारीक फट असेल तर काठावरची गाडी पलीकडे जाऊ शकते.

आमच्या पाइपकडे येते. व्हॅक्यूम लीक आहे हे कळलं तरी कुठे आहे ते शोधणं वेगळं काम आहे. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा जाड रबरी पाइप बघितला, त्याच्या घड्या ताणून आत चीर आहे का ते बघितलं, क्लॅम्प बघितले, ब्रेक बूस्टरचा होज, कार्बन कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का, तेलाचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय का, हेही बघितलं, कारण क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागातून, जाणारी हवाही शेवटी मॅनिफोल्डमध्येच जाते. काही सापडलं नाही. चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आरपीएम कुठे बदलतो ते बघायची पद्धत आहे, बरेच जण करतात, पण तो स्प्रे पेट घेणारा आहे आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, त्यामुळे मी कुणालाही ते करा म्हणणार नाही. आम्ही स्मोक टेस्ट करणारा मेकॅनिक शोधला. बंद इंजिनात अगदी कमी दाबाने धूर सोडला आणि तीन-चार मिनिटांत मॅनिफोल्डच्या खालून एक बारीक रेघ वर आली. पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (क्रँककेसमधली ही हवा मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या झडपेच्या) होजचं कोपऱ्यातलं वळण, तेलाने नरम पडून खालच्या बाजूने फाटलेलं. वरून बघणाऱ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं, आरसा आणि टॉर्च लावूनसुद्धा मुश्किलीने दिसलं. होज बदलला, कोड पुसला (आता पुसायला हरकत नव्हती, सगळं लिहून ठेवलं होतं), आठवड्याने परत आकडे बघितले तर आयडलला अधिक २ आणि २५०० ला अधिक १. दिवा पुन्हा लागलेला नाही. कोड न पुसताही चाललं असतं, सलग तीन फेऱ्या तपासणीत पास झाल्या की दिवा आपोआप विझतो, आणि ४० वेळा इंजिन गरम होऊन गेलं आणि तक्रार आली नाही की कोडही निघून जातो.

मला त्या पहिल्या दोन मेकॅनिकांवर राग काढायचा नाहीये. आपणच गाडी सोडताना म्हणतो "तेवढा दिवा घालवा, संध्याकाळी लागणार आहे गाडी", आणि तासभर तपासणी केली, पार्ट काही टाकला नाही, तर त्या तासाचे पैसे द्यायला आपलं मन तयार नसतं. मग पार्ट टाकणंच त्यांना परवडतं. तपासणीला वेगळे पैसे द्यायची सवय आपल्याला लागली पाहिजे, हे मी वडिलांनाही सांगितलं आणि त्यांना पटलं. आणि बिलावर नुसता पार्ट लिहून चालणार नाही, कामाच्या आधीचे ट्रिम आणि नंतरचे ट्रिम असे चार आकडे लिहून मागायचे. ज्याने खरंच बघितलंय त्याला ते लिहायला अर्धा मिनिट लागत नाही.

पण तुम्ही छापलेला तक्ता लोक कापून गाडीच्या कप्प्यात ठेवतात हो. छापलेलं खरं मानतात. म्हणून विनंती आहे की तो तक्ता परत छापा आणि उजवीकडच्या रकान्यात "काय बदलायचं" ऐवजी "आधी काय तपासायचं" असं लिहा. जागा नसेल तर निदान पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती टाका, की पी०१७१ आला तर कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा, आणि आयडलचा व २५०० आरपीएमचा फ्युएल ट्रिम बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू देऊ नका.

आपली,
एक नियमित वाचक